एड्सची उत्तरं बरोबर, तरी मुलं दवाखान्यात उशिरा का येतात?

मॅडम, तुमच्या पत्रातलं मुख्य म्हणणं असं. तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) आणि एड्सबद्दल जागृती करणारा रेड रिबन क्लब बघता. दर १ डिसेंबरला रॅली निघते, पोस्टर स्पर्धा होते, प्रश्नमंजूषेत मुलं एचआयव्हीची उत्तरं धडाधड देतात. तरीही यंदा काही मुलंमुली गुपचूप तुमच्याकडे आली आणि कळलं की प्रत्येकाने कित्येक महिने दुखणं अंगावर काढलं होतं. मग यांना नेमकं काय कळलेलं नाही, किती आणि कसं सांगावं, आणि पालकांनी हरकत घेतली तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी त्वचारोग आणि गुप्तरोगांची डॉक्टर आहे. जिल्हा रुग्णालयात अशीच मुलं बघत माझी बरीच वर्षं गेली. माझं उत्तर आधीच सांगते. मुलांना एचआयव्ही माहीत आहे, बाकीचे गुप्तरोग माहीत नाहीत. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काही दिसलं, खुपलं, जळजळलं तर पहिल्या आठवड्यात कुठल्या दारात जायचं हे त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. तुमच्या हातात एक तास असेल तर त्यातला अर्धा याच गोष्टीला द्या.

एचआयव्हीची माहितीसुद्धा वाटते तेवढी पक्की नाही बरं का. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या लोकांना एचआयव्हीची सर्वंकष माहिती आहे का हे तपासलं होतं. देशभरात बायकांमध्ये ते प्रमाण २१.६ टक्के निघालं आणि पुरुषांमध्ये ३०.७. निकष काही अवघड नव्हते. निरोध आणि एकच विश्वासू जोडीदार यांमुळे धोका कमी होतो, दिसायला धडधाकट माणसालाही लागण असू शकते, आणि डास चावून किंवा एका ताटात जेवून हा आजार होत नाही, एवढं एकत्र माहीत असलं की झालं. नुसतं नाव ऐकलेले लोक याच्या कितीतरी पट आहेत.

यातलं 'दिसायला धडधाकट' हेच मुलांच्या डोक्यात शिरत नाही. 'ती चांगल्या घरातली आहे', 'तो रोज जिमला जातो', 'आमचं तर प्रेम आहे' ही वाक्यं मी रोज ऐकायची. संसर्गाला घर, जात, प्रेम काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली जगात क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चारच आजारांचे मिळून ३७ कोटींवर नवे संसर्ग झाले. चारही आजार औषधाने पूर्ण बरे होतात. आणि बहुतेकांना आपल्याला लागण झाली आहे याचा पत्ताच नसतो, कारण लक्षणं एक तर नसतात, नाहीतर इतकी किरकोळ असतात की लक्षातच येत नाहीत.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्यात आहे. वसतिगृहात राहणारा, विशीच्या आतबाहेरचा मुलगा. तळहातावर आणि तळपायावर तांबूस, गोल, चपटे डाग. खाज नाही, दुखत नाही. मेडिकलवाल्याने ॲलर्जीची गोळी दिली होती. डाग जाईनात म्हणून मित्राने पाठवला. तळहात-तळपायावर न खाजणारे डाग दिसले की आमच्या मनात पहिलं नाव सिफिलिसचं येतं. बाहेरचे सगळे गेल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाला, दोन-अडीच महिन्यांपूर्वी लिंगावर एक फोड आला होता, पण दुखत नव्हता, हळद लावली आणि आपोआप गेला. व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी केली, भरपूर पॉझिटिव्ह आली. हा मुलगा कॉलेजच्या रॅलीत फलक धरून पुढे होता आणि एचआयव्ही पसरण्याचे चारही मार्ग त्याला तोंडपाठ होते.

हळदीने काहीच झालेलं नव्हतं. सिफिलिसचा पहिला व्रण संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो, कधी दहा दिवसांनी, कधी तीन महिन्यांनीसुद्धा. तो दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपला आपण भरतो. जंतू मात्र तोवर रक्तात गेलेले असतात. पुढे अंगावर पुरळ येतं, तेही जातं. मग वर्षानुवर्षं शांतता, आणि त्यानंतर मेंदू, डोळे, हृदय यांच्यापैकी कशावरही घाला. गरोदर बाईला असेल तर पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. आणि इलाज? सुरुवातीच्या काळात सापडला तर बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची मात्रा, दोन्ही कुल्ल्यांत अर्धी अर्धी, एकाच दिवशी. इतका जुना आजार, इतकं जुनं आणि स्वस्त औषध, आणि तरी पोरं आजारी राहतात ती 'आपोआप बरं झालं' या समजुतीपायी. म्हणून मुलांना हे एक वाक्य पाठ करून घ्या: गुप्तांगावरचा व्रण दुखत नसेल तर जास्त काळजी करायची, आणि भरून आला तरी तपासायला जायचं.

मुलींचं दुखणं वेगळं असतं. मुलाला गनोरिया झाला तर दोन ते सात दिवसांत लघवीला आग होते, पू येतो, आणि घाबरून का होईना तो कुठेतरी जातो. मुलीला तोच आजार झाला तर बहुतेकदा काहीच जाणवत नाही. क्लॅमिडियाचं तर विचारूच नका. थोडं अंगावरून जातं, थोडं ओटीपोट दुखतं, आणि आई म्हणते, पाळीच्या आधी होतंच असं. जंतू गर्भाशयातून नलिकांपर्यंत चढतात, तिथे सूज येते, नलिका चिकटतात. लग्नानंतर दोन-चार वर्षं मूल होत नाही आणि सगळं घर त्या पोरीकडे बोट दाखवतं. नवऱ्याकडून लागण होऊन नलिका बंद झालेल्या आणि वर वांझ म्हणून टोमणे खाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हे मुलांना सांगा, आणि मुलग्यांना आवर्जून सांगा.

त्याच वेळी मुलींना उगीच घाबरवूही नका. पांढरं जाणं म्हणजे आजार नव्हे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत चिकट, पारदर्शक, वास नसलेला स्राव येणं अगदी नॉर्मल आहे. दह्याच्या कवडीसारखा स्राव आणि भयंकर खाज ही बहुतेकदा बुरशी असते. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरही ती होते, तिचा शरीरसंबंधाशी संबंध असेलच असं नाही. माशासारखा घाण वास, हिरवट फेसाळ स्राव, संबंधाच्या वेळी दुखणं, मधेच रक्त जाणं, ताप आणि ओटीपोटात कळ, यातलं काही असेल तर थांबायचं नाही. आणि आतून डेटॉल, साबण, व्हजायनल वॉश यांनी धुणं पहिलं बंद. त्याने तिथले चांगले जंतू मरतात आणि संसर्गाला वाट मोकळी होते.

आता मुलांच्या पहिल्या दाराबद्दल. ते दार म्हणजे मेडिकल स्टोअर. तिथे चिठ्ठी लागत नाही, कपडे काढावे लागत नाहीत, नाव विचारत नाहीत. मुलगा हळूच म्हणतो, 'खाली खाजतंय,' आणि काउंटरवरून एक ट्यूब मिळते. त्यात क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध असं तिन्ही एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तो महिनाभर लावतो. मग जांघेतली कातडी पातळ होते, लाल पट्टे उठतात आणि नायटा दुप्पट पसरतो. गंमत म्हणजे जांघेतला नायटा बहुतेकदा गुप्तरोग नसतोच. घट्ट जीन्स, घाम, न वाळलेली अंडरवेअर आणि खोलीत सगळ्यांचा मिळून एक टॉवेल, एवढं त्याला पुरतं. तीच गत गोळ्यांची. पू येतोय म्हटलं की सिप्रोफ्लॉक्सासिन देणारे अजून आहेत. आपल्याकडचा गनोरिया त्या औषधाला कधीचाच दाद देत नाही. अर्धवट औषधाने पू कमी होतो, जंतू राहतात, आणि पुढच्या माणसाला लागतात ते अधिक चिवट होऊन.

दुसरं दार एसटी स्टँडच्या आणि रेल्वेच्या भिंतींवर रंगवलेलं असतं: गुप्तरोग, स्वप्नदोष, शीघ्रपतन, धातू जाणे, खात्रीशीर इलाज. या भिंतींनी पोरांचं केलेलं नुकसान मला फार जिव्हारी लागतं. हस्तमैथुन किंवा स्वप्नात वीर्य जाणं हा आजार नाही, त्याने अशक्तपणा येत नाही, हाडं झिजत नाहीत. लिंगाच्या टोपीच्या कडेला ओळीने बारीक मोत्यासारखे दाणे असतात, ते पुष्कळ पुरुषांना असतात आणि त्यांना औषध लागत नाही. अशा धडधाकट पोरांनी घरून आलेले मेसचे पैसे भस्मांवर आणि पुड्यांवर घालवलेले मी बघितलेत. निरोगी मुलगा आजारी समजून पैसे घालवतो आणि खरा आजारी मुलगा बरा झालो समजून फिरतो, ही अवस्था आहे.

तिसरं आणि खरं दार सरकारी आहे, आणि त्याची जाहिरात सगळ्यात कमी आहे. जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि पुष्कळ उपजिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. कुठे ते त्वचा विभागात असतं, कुठे स्त्रीरोग विभागात. आत काय होतं ते मुलांना जसंच्या तसं सांगा, कारण अर्धी भीती न पाहिलेल्या खोलीची असते. आधी समुपदेशक भेटतात, दार लावून. ते विचारतात: शेवटचा संबंध कधी, कोणत्या प्रकारचा, निरोध होता का, जोडीदाराला काही त्रास आहे का. प्रश्न अवघड वाटतात, पण उपचार त्यावरच ठरतो. मग डॉक्टर पडद्याआड तपासतात. मुलगी असेल तर सोबत बाई असायलाच हवी, नसेल तर तिने मागावी. रक्त एकदाच काढतात, त्यात एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही बघता येतात. औषधं रंगीत खोक्यांत असतात. पू येत असेल तर राखाडी, योनीस्रावाला हिरवं, न दुखणाऱ्या व्रणाला पांढरं, नागिणीसारख्या दुखऱ्या फोडांना म्हणजे हर्पिससाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं. काही औषधांचा डोस एकदाच, तिथेच समोर घ्यायचा असतो. पैसे पडत नाहीत. आठवड्याने परत दाखवायचं आणि तोवर संबंध टाळायचा.

जोडीदाराचं औषध मात्र हमखास राहून जातं. एकट्याने गोळ्या खाऊन उपयोग नाही, दोघांनी एकाच वेळी घ्यायला हव्यात, नाहीतर तोच जंतू पुन्हा परत येतो. जोडीदाराला सांगायचं धैर्य नसेल तर समुपदेशक शब्द सुचवतात, चिठ्ठी देतात. इथे कोणी कोणाला दिलं याचा पंचनामा करू नये, कारण कित्येक संसर्ग जुने आणि लक्षणांविना असतात, सांगताच येत नाही.

निरोधाबद्दल मुलं हसतील, हसू द्या, पण नीट शिकवा. पाकिटावरची तारीख बघायची. पैशाच्या पाकिटात किंवा बाइकच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवलेला निरोध उन्हाने आणि घासून खराब होतो. पाकीट दाताने फोडायचं नाही. टोकाची हवा चिमटीत दाबून काढायची, मुळापर्यंत गुंडाळायचा, नंतर मुळाशी धरून लगेच बाहेर काढायचा. एकावर एक दोन घालायचे नाहीत, घर्षणाने फाटतात. खोबरेल तेल, व्हॅसलिन, बॉडी लोशन काही लावायचं नाही. तेलाने लॅटेक्स, म्हणजे निरोधाचं रबर, काही मिनिटांत कमकुवत होतं. आपल्या घरांत खोबरेल तेल हाताशी असतं, म्हणून हे मुद्दाम सांगते. आणि प्रामाणिकपणे हेही सांगा की हर्पिस, सिफिलिसचा व्रण आणि चामखिळी निरोधाने न झाकलेल्या कातडीवरूनही लागू शकतात. धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही.

मुखमैथुन आणि गुदमैथुन मुलं 'सेक्स' मध्ये मोजतच नाहीत, त्यामुळे 'संबंध आला का' या प्रश्नाला नाही म्हणतात. दोन्ही मार्गांनी संसर्ग होतो. वर्गात मुलग्यांशीच संबंध असलेले मुलगेही असतील. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. तुमच्या बोलण्यात 'नवरा-बायको' ऐवजी 'जोडीदार' आलं तरी त्या मुलांना कळतं की या मॅडमशी बोलता येईल.

आणखी एक गैरसमज. मुलींना, आणि त्याहून जास्त मुलांना, भीती फक्त दिवस राहण्याची असते. ७२ तासांच्या आतली आय-पिल घेतली की सुटलो. त्या गोळीचा संसर्गाशी काडीचाही संबंध नाही. तसंच रात्रीच्या संबंधानंतर सकाळी लॅबमध्ये जाऊन एचआयव्ही निगेटिव्ह आणणारेही असतात. इतक्या लवकर तपासणीत काही दिसत नाही. लगेचची चाचणी आधीची स्थिती सांगते, खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. पण बळजबरी झाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात. अत्याचारग्रस्ताला उपचार नाकारणं किंवा पैसे मागणं कोणत्याही रुग्णालयाला, सरकारी असो वा खासगी, कायद्याने करता येत नाही.

लस हा असा उपाय आहे की त्याबद्दल बोलताना कोणाला लाजायला होत नाही, म्हणून पालक सभेत तिथूनच सुरुवात करा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते १४ वयात दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन. ती मुलग्यांनाही देता येते. पहिल्या संबंधाच्या आधी दिली तर सर्वांत चांगली, पण तुमच्या विद्यार्थ्यांच्या वयातही फायदा होतो. हेपटायटिस बी या शरीरसंबंधातून आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस आता तान्ह्या बाळांना मिळते. पण देशभर ती २०११-१२ च्या सुमाराला पोचली, त्यामुळे तुमच्या वर्गात ती न मिळालेले काहीजण असू शकतील. तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण. जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेणाऱ्यांना तर मी हे आधी सांगते.

आता कायद्याचं, यात गफलत करू नका. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला एचआयव्ही चाचणीसाठी आईवडिलांची परवानगी लागत नाही, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर त्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही, कॉलेजलासुद्धा नाही. अकरावी-बारावीच्या मुलांचं वेगळं. अठराच्या आतल्यांच्या चाचणीला पालकांची संमती लागते, आणि पोक्सो कायद्यात अठराखालच्या मुलाशी आलेला शरीरसंबंध, त्याची संमती असली तरी, गुन्हाच धरला जातो. तो कळल्यावर पोलिसांना कळवणं तुमच्यावर आणि माझ्यावर बंधनकारक आहे. म्हणून 'मला सांग, कोणालाच कळणार नाही' असं सतरा वर्षांच्या मुलीला कधीही म्हणू नका. तिला आधी नियम सांगा, मग तिला किती सांगायचं ते तिला ठरवू द्या. आणि उपचार कळवण्यासाठी अडत नाहीत हेही त्याच दमात सांगा.

पालकांच्या हरकतीला मी एकच उत्तर देत आले. शिकवल्याने मुलं बिघडतात असं जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. नीट शिकवलेली मुलं उलट उशिरा सुरुवात करतात आणि निरोध जास्त वापरतात. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. त्याने मुलांचं कुतूहल थांबलं नाही, ते मोबाइलवरच्या अश्लील क्लिपांकडे वळलं, आणि तिथे कोणी निरोध वापरत नाही. याच राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर उघड लिहिलं, त्यापायी खटलेही सोसले. पालकांना आधी बोलवा, काय शिकवणार तो कागद त्यांच्या हातात द्या. हरकत बहुतेकदा न वाचलेल्या कागदाला असते.

तासाची व्यवस्था अशी करा. रॅलीच्या दिवशी नको, साध्या वाराला घ्या. जवळच्या सुरक्षा क्लिनिकच्या किंवा आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणीच्या सरकारी केंद्राच्या) समुपदेशकांना बोलवा, म्हणजे पुढे दवाखान्यात गेल्यावर ओळखीचा चेहरा दिसतो. फळ्यावर खोली कुठे आहे, ओपीडीची वेळ काय आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर लिहा. त्यावर मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिकं आहेत, तुमच्याकडे कुठे आहे ते चौकशी करून तेही लिहा. पहिला अर्धा तास मुलगे-मुली वेगळे बसवलेत तरी चालेल, पण दोघांना सगळं सांगा. शेवटी बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या, आणि प्रत्येकाला काहीतरी लिहायला लावा, कोऱ्यावर निदान 'प्रश्न नाही' एवढं तरी, म्हणजे कोण लिहितंय याकडे कोणाचं लक्ष जात नाही. चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचण्याआधी स्वतः चाळा. एखादीत जबरदस्तीचा वास आला तर ती बाजूला काढा, आणि ज्यांना एकटं बोलायचं आहे त्यांच्यासाठी समुपदेशक अजून तासभर स्टाफरूमशेजारच्या खोलीत बसणार आहेत असं सगळ्या वर्गाला सांगा.